काजळीचा दोर

पोलादाची एक तार आकाशातून खाली सोडत न्यायची. तिला वजन बांधायचं नाही, कुणी ओढायचं नाही, नुसती लोंबकळू द्यायची. लांबी वाढत जाईल तसा वरच्या टोकावर खालच्या सगळ्या तारेचा भार येत जाईल आणि एका क्षणी तार स्वतःच्याच वजनाने तुटेल. चांगल्या कसदार पोलादी तारेची ही लांबी साधारण २६ किलोमीटर भरते. तार जाड आहे की बारीक, याने काही फरक पडत नाही. जाडी वाढली की बळ वाढतं तसं वजनही वाढतं. त्यामुळे दोन वेगळ्या पदार्थांची ताकद वजनाला वजन लावून तोलायची असेल तर हे माप फार सोयीचं आहे.

सूतगिरणीत काम केलेल्यांना ते नवं नाही. गिरणीच्या प्रयोगशाळेतून सुताचा जो अहवाल येतो, त्यात 'आरकेएम' नावाचा एक रकाना असतो. 'राइसकिलोमीटर' या जर्मन शब्दाचं हे लघुरूप, अर्थ 'तुटण्याचे किलोमीटर'. सुताचा आरकेएम १६ असेल तर ते सूत १६ किलोमीटर लोंबकळल्यावर स्वतःच्या भाराने तुटेल. आणि सूत होण्याआधीच्या कापसाच्या तंतूंची ताकद मोजली, तर हाच आकडा २८ ते ३०च्या घरात जातो. म्हणजे वजनाच्या हिशेबाने कापसाचा तंतू पोलादी तारेला हार जात नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी गणित पुन्हा करून पाहिलं होतं.

पण त्याहून कुतूहलाची गोष्ट त्या दोन आकड्यांमधली तफावत आहे. तंतू ३०चा आणि त्याच तंतूंचं सूत १६चं. मग निम्मं बळ गेलं कुठे? कापसाच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर गिरणीतला कुठलाही जाणता फोरमन देईल. हाच प्रश्न गेली तीसेक वर्षं जगातल्या नावाजलेल्या प्रयोगशाळांना एका वेगळ्याच धाग्याबाबत छळतो आहे. तो धागा कार्बन नॅनोट्यूबचा.

नॅनोट्यूबला तोच हिशेब लावू. एक चौरस मिलिमीटर छेदाची पोलादी तार सुमारे २०० किलो वजन पेलते. तेवढ्याच छेदाचा, सलग आणि निर्दोष नॅनोट्यूबांचा दोर करता आला तर तो ५ टन पेलेल, आणि त्याचं स्वतःचं वजन पोलादाच्या एक षष्ठांश भरेल. तुटण्याचे किलोमीटर सुमारे ३,९००. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे, म्हणजे हा दोर त्याहूनही लांब लोंबकळेल. फक्त 'करता आला तर' हे तीन शब्द मध्ये आहेत.

आधी नळी समजून घेऊ. शिसपेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट. त्यात कार्बनचे अणू षटकोनी फरशा बसवाव्यात तसे पातळ पत्र्यांत बसलेले असतात आणि असे असंख्य पत्रे एकावर एक रचलेले असतात. एका पत्र्याच्या आत शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर, आणि त्यांच्यातला बंध निसर्गातल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक. दोन पत्र्यांमधली ओढ मात्र अगदी नावापुरती. म्हणून तर पेन्सिल कागदावर टेकवली की पत्रे घसरून कागदावर उतरतात आणि अक्षर उमटतं. पेन्सिलीचं हे घसरणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यातला एकच पत्रा घेऊन त्याची पुंगळी केली आणि कडा अणूला अणू जुळवून सांधल्या की झाली एकपदरी नॅनोट्यूब. व्यास साधारण एक नॅनोमीटर. माणसाचा केस ढोबळमानाने ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज यावा. एकात एक बसवलेल्या अशा अनेक नळ्या असतील तर ती बहुपदरी. इथे सुरळीच्या वडीची उपमा हमखास सुचते, पण ती चुकते. सुरळीची वडी म्हणजे एकच पदर गुंडाळत नेलेला. बहुपदरी नळीत प्रत्येक पदर स्वतंत्र, पूर्ण बंद, पाइपात पाइप घालावा तसा. सुरळीसारखी रचनाही कार्बनमध्ये सापडली आहे. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन यांनी १९६० साली ग्रॅफाइटचे केसासारखे स्फटिक वाढवले, त्यांची रचना त्यांनी गुंडाळलेल्या पत्र्यासारखी असल्याचं नोंदवलं आणि त्यांची ताकद २० गिगापास्कल मोजली. उत्तम पोलादी तार, म्हणजे चौरस मिलिमीटरला २०० किलो पेलणारी, २ गिगापास्कलच्या आसपास असते. आजच्या कार्बन फायबरच्या गोष्टीची सुरुवात बऱ्याचदा याच स्फटिकांपासून केली जाते.

पुंगळी करताना पत्रा सरळ गुंडाळला की तिरका, यावर नळी धातूसारखी वीज वाहील की अर्धवाहक होईल हे ठरतं. सरसकट वाढवलेल्या एकपदरी नळ्यांत साधारण एक तृतीयांश धातूसारख्या निघतात. संगणकाच्या चिपा बनवू पाहणाऱ्यांची यामुळे कोण तारांबळ उडाली! तरीही २०१९ साली एमआयटीच्या गटाने १४ हजारांहून अधिक नॅनोट्यूब ट्रान्झिस्टर असलेला १६ बिटचा प्रोसेसर चालवून दाखवला. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. आपण दोराकडे जाऊ.

नॅनोट्यूबच्या शोधाचं श्रेय सहसा सुमियो इइजिमा यांना दिलं जातं. १९९१ साली ते जपानमधल्या त्सुकुबाच्या एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. दोन ग्रॅफाइटच्या कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवून काजळी धरायची आणि त्या काजळीतून ६० अणूंचे फुटबॉलसारखे रेणू वेगळे काढायचे, हा तेव्हाचा ताजा आणि गाजलेला उद्योग होता. सगळे काजळीमागे लागलेले असताना इइजिमांनी कांडीच्या टोकावर बसलेलं पुट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. त्यात सुया दिसल्या. प्रत्येक सुई म्हणजे २ पासून ५० पर्यंत पदरांची नळी. 'नेचर'मध्ये नोव्हेंबर १९९१ मध्ये तो लेख आला आणि पुढच्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेत थॉमस एबसन आणि केरळहून आलेले पुलिकल अजयन यांनी या नळ्या ग्रॅमच्या प्रमाणात बनवायची रीत दिली.

पण कार्बनची पोकळ नळी त्याआधीही दिसली होती. राडुश्केविच आणि लुक्यानोविच या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५२ सालीच सुमारे ५० नॅनोमीटर जाडीच्या पोकळ कार्बन नळ्यांची छायाचित्रं रशियन नियतकालिकात छापली होती. शीतयुद्धाच्या काळात ते वाचणार कोण? १९७६ साली मोरिनोबू एंडो यांनीही फ्रान्समध्ये काम करताना अशा नळ्या नोंदवल्या.

आणि माणसाच्या हातून त्या नकळत तर फार पूर्वीच घडल्या असाव्यात. ड्रेस्डेनच्या पीटर पाउफ्लर यांच्या गटाने २००६ साली सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीचा तुकडा आम्लात विरघळवला आणि उरलेल्या गाळात नॅनोट्यूब दिसल्याचं जाहीर केलं. दमास्कस तलवारींचं वूट्झ पोलाद दक्षिण भारतातून जात असे. तमिळनाडूत कीळडीच्या उत्खननात मिळालेल्या खापरांच्या काळ्या लेपातही नॅनोट्यूब सापडल्याचा शोधनिबंध २०२० मध्ये आला. यावर आपल्याकडे लगेच 'पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान ठाऊक होतं' असे संदेश फिरू लागतात. लोहाराला उत्तम पोलाद कसं करायचं हे ठाऊक होतं, कुंभाराला भट्टीत काळा रंग कसा आणायचा हे ठाऊक होतं. एवढं श्रेय पुरेसं मोठं आहे; त्यांना न दिसलेल्या नळ्यांचं श्रेय त्यांच्या गळ्यात बांधायची गरज नाही.

नळ्या बनतात कशा, हे आपल्या घरच्या उदाहरणाने सांगता येतं. कार्बन असलेला वायू किंवा वाफ तापलेल्या भट्टीत लोखंड, निकेल किंवा कोबाल्टच्या अतिसूक्ष्म कणांवरून जाऊ द्यायची. कण कार्बन शोषून घेतो, त्याचं पोट भरलं की कार्बन बाहेर येऊ लागतो, आणि सोऱ्यातून शेव पडावी तशी कणातून नळी वाढत जाते. कण जेवढा बारीक तेवढी नळी बारीक. या कामासाठी जगभर मिथेन, अॅसिटिलीन, अल्कोहोल असं काय काय वापरतात. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. महेश्वर शेरॉन यांच्या गटाने त्यासाठी घेतला चक्क कापूर. देवघरातल्या आरतीला जो धूर आणि काजळी धरतो, तोच. कापराच्या रेणूत कार्बनचे दहा अणू असतात आणि तो सहज वाफ होतो, त्यामुळे तो या कामाला फार छान लागू पडतो. पुढे मुकुल कुमार यांनी जपानमधल्या मेइजो विद्यापीठात योशिनोरी आंदो यांच्यासोबत कापरापासून नळ्यांची अख्खी झुडपं वाढवली.

तर नळी हाती आली. तिची ताकद मोजायची कशी? केसाच्या काही हजारांश जाडीची वस्तू दोन्ही टोकांना धरून ताणायची, हे सांगणंही अवघड आणि करणं त्याहून अवघड. रॉडनी रुऑफ आणि मिन-फेंग यू यांच्या गटाने २००० साली ते केलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आतच त्यांनी बहुपदरी नळीची दोन टोकं दोन अतिसूक्ष्म टोचण्यांना चिकटवली आणि ताणत नेली. अशा १९ नळ्या तोडल्या. निकाल ११ ते ६३ गिगापास्कल. हा आकडा जगभर छापला गेला आणि 'पोलादापेक्षा कैक पट मजबूत' हे विशेषण नॅनोट्यूबला कायमचं चिकटलं.

त्या प्रयोगातली खरी गंमत मात्र बातम्यांत फारशी आली नाही. नळ्या तुटल्या कशा? प्रत्येक वेळी फक्त सर्वांत बाहेरचा पदर तुटला आणि आतले सगळे पदर म्यानातून तलवार निघावी तसे अलगद बाहेर आले. म्हणजे ६३ गिगापास्कल ही ताकद एकट्या बाहेरच्या पदराची होती. आतल्या पदरांनी भार घेतलाच नाही. त्यांना तो पोहोचलाच नाही, कारण पदरापदरांत पकड नव्हती. सगळा छेद धरून भागाकार केला तर आकडा बराच खाली येतो. बर्कलेच्या कमिंग्ज आणि झेटल यांनी त्याच वर्षी दाखवलं की आतली नळी दुर्बिणीच्या नळकांड्यासारखी मागेपुढे सरकवता येते आणि सोडली की आपोआप आत जाते. २०१३ साली बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठाने तर दोनपदरी नळीतला आतला पदर सेंटिमीटरभर लांबीचा, जवळजवळ घर्षणाशिवाय, बाहेर ओढून काढला. यंत्राच्या बेअरिंगसाठी ही आनंदाची बातमी आहे. दोरासाठी तिच्याइतकी वाईट बातमी नाही.

पेन्सिलीचं घसरणं इथे परत आलं. पत्र्याच्या आत पोलादाला लाजवणारा बंध, दोन पत्र्यांमध्ये नाममात्र ओढ. नळीची कीर्ती पहिल्यावर उभी आहे आणि दोराचं नशीब दुसऱ्यावर.

आता कापसाकडे वळू. कापसाचा तंतू जेमतेम तीन सेंटिमीटर लांब. त्याचा मैलोनमैल धागा होतो तो पिळामुळे. पेळूतून तंतू ओढायचे आणि पीळ द्यायचा. पीळ बसला की तंतू एकमेकांवर दाबले जातात, घर्षण वाढतं, आणि एकाचा भार शेजाऱ्याकडे सरकतो. त्यातून कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो स्वतःच पिळलेल्या फितीसारखा दिसतो. निसर्गाने त्याला पकड दिलेलीच आहे. म्हणून विदर्भातला शेतकरी असो की इचलकरंजीचा व्यापारी, दोघांचाही पहिला प्रश्न 'धागा किती लांब?' हाच असतो. लांब धाग्याच्या कापसाला भाव का, तर तंतू लांब असला की शेजाऱ्याशी संपर्क जास्त, आणि निसटण्याआधी जास्त भार पेलतो. पिळाचंही प्रमाण असतं. पीळ वाढवत गेलं की सूत आधी बळकट होतं आणि एका मर्यादेनंतर कमजोर, कारण तंतू तिरके पडत जातात आणि ओढ त्यांच्या लांबीच्या दिशेने बसत नाही. तंतू ३०चा आणि सूत १६चं होतं, त्यात तिरकेपणाचा, निसटण्याचा आणि असमान ताणाचा असा सगळ्यांचा वाटा असतो.

नॅनोट्यूब कातणाऱ्यांनी हाच धडा पुन्हा गिरवला. २००२ साली छिंगह्वामधल्या शौशान फान यांच्या गटाला दिसलं की दाट, सरळ उभ्या वाढलेल्या नळ्यांच्या रानातून चिमटीने एक जुडी ओढली की तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी अशी अखंड फीत निघत राहते, रेशमाच्या कोशातून धागा सुटावा तशी. २००४ साली टेक्सासमधल्या रे बॉमन यांच्या गटाने त्या फितीला पीळ दिला आणि नॅनोट्यूबचं पहिलं रीतसर पिळाचं सूत तयार झालं. कातण्याची ही कला माणूस हजारो वर्षं करत आला आहे, फक्त इथे टकळीवर कापूस नव्हता. त्याच वर्षी केंब्रिजच्या अॅलन विंडल यांच्या गटाने भट्टीतून धुरासारख्या बाहेर येणाऱ्या नळ्यांचा थेट धागा गुंडाळायला सुरुवात केली. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात मातेओ पास्क्वाली यांनी तिसरा मार्ग धरला: नळ्या अतितीव्र आम्लात विरघळवायच्या आणि बारीक छिद्रांतून दाबून धागा काढायचा. केवलार हा मजबूत कृत्रिम धागाही अशाच जातीच्या प्रक्रियेने बनतो.

फळ काय मिळालं? राइसच्या गटाने २०२१ साली सांगितलेला त्यांच्या धाग्याचा आकडा ४.२ गिगापास्कल. केवलारच्या पुढे, उत्तम कार्बन फायबरच्या मागे. धागा म्हणून हे झकास आहे, शिवाय तो वीजही चांगली वाहतो आणि गाठ मारली तरी मोडत नाही. पण ज्याची एकेक नळी ५० गिगापास्कल पेलते, त्याचा धागा ४चा निघतो, हे विसरता येत नाही. कापसाने निम्मं बळ गमावलं. नळीने नऊ दशांशाहून अधिक.

मग नळ्यांना एकमेकींना चिकटवा की, असं कुणीही म्हणेल. चिकटवून पाहिलं आहे. इलेक्ट्रॉनांचा मारा करून शेजारच्या नळ्यांमध्ये कार्बनचे पूल बांधता येतात आणि जुडगा खरोखर कडक होतो. अडचण अशी की पूल बांधायचा तर नळीच्या भिंतीतला षटकोन मोडून त्यातला एक हात मोकळा करावा लागतो. पकड मिळवायची तर ज्यामुळे बळ आहे तीच जाळी उसवावी लागते. थोडे पूल बांधले तर फायदा, जास्त बांधले तर नळीच कमजोर. डिंकासारखी राळ घालून घट्ट करायचं म्हटलं तर भार अखेर राळेवर येतो, आणि राळेची ताकद ती काय!

दुसरा उपाय कापूसवाल्यांचा: धागा लांब करा. नळी इतकी लांब वाढवायची की दोरात जोडच नको. छिंगह्वामध्ये फेइ वेइ यांच्या गटाने २०१३ साली अर्ध्या मीटरहून लांब, म्हणजे ५५ सेंटिमीटरची एकेक नळी वाढवली. त्याच गटाने २०१८ मध्ये सेंटिमीटरभर लांबीच्या मोजक्या नळ्यांची जुडी करून ८० गिगापास्कलच्या वर ताकद मिळवली. त्यातली युक्ती मला फार आवडते. रस्सीखेचीत आठ जणांनी वेगवेगळ्या वेळी झटके दिले तर प्रत्येक वेळी एकटाच सगळा ताण खातो. एका दमात ओढलं तर आठही जण कामाला येतात. जुडीतल्या नळ्याही अशाच, कुणी ताठ, कुणी सैल. ताठ नळी आधी तुटते, मग पुढची. त्या गटाने जुडी वारंवार ताणून आणि सैल सोडून सगळ्या नळ्यांवरचा ताण सारखा करून घेतला. मगच तो आकडा आला. पण जुडीत नळ्या मूठभरही नव्हत्या. त्याच युक्तीने कोट्यवधी नळ्या एका ताणावर आणणं हे काम अजून कुणाला जमलेलं नाही.

शिवाय लांबी वाढली की दोष येण्याची शक्यता वाढते. तोरीनोच्या निकोला पुन्यो यांनी २००६ साली हिशेब मांडला की हजारो किलोमीटरच्या दोरात अणूंच्या पातळीवरचे दोष टाळता येणार नाहीत, आणि त्यामुळे त्याची ताकद सैद्धांतिक आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरेल. एका अणूची जागा रिकामी राहिली तरी ताण तिथेच गोळा होतो. साखळीची कमजोर कडी असते तशीच ही रिकामी जागा.

हजारो किलोमीटरचा दोर कुणाला हवा होता? अवकाशात लिफ्ट बांधू पाहणाऱ्यांना. कल्पना जुनी आहे. त्सिओल्कोव्हस्की यांनी १८९५ साली आयफेल टॉवर डोळ्यांपुढे ठेवून तशा मनोऱ्याचं स्वप्न पाहिलं, आणि लेनिनग्राडच्या युरी अर्त्सुतानोव यांनी १९६० साली मनोऱ्याऐवजी वरून खाली सोडलेला दोर सुचवला. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून खालून पाहताना तो स्थिर दिसतो. तिथून एक दोर जमिनीपर्यंत सोडायचा, दुसरा तोल सांभाळायला वर. उंचीबरोबर गुरुत्वाकर्षण कमी होतं, त्यामुळे त्या दोराला जो ताण सोसावा लागतो तो आपल्या पहिल्या मापात सुमारे ४,९०० किलोमीटर भरतो. पोलादाचे २६. दोर वर जाडसर करत नेऊन तफावत भरून काढता येते, पण पोलादाने ती भरायची म्हटलं तर एक चौरस मिलिमीटरपासून सुरुवात केलेला दोर वरच्या टोकाशी दृश्य विश्वापेक्षा जाड करावा लागेल. नळीचे ३,९०० मात्र ४,९००च्या इतके जवळ होते की लोकांची झोप उडाली. दोराचा छेद वर साडेतीन पट केला की झालं! नासाने मजबूत दोरासाठी स्पर्धा जाहीर केली. जपानच्या ओबायाशी या बांधकाम कंपनीने २०१२ साली ९६ हजार किलोमीटरच्या केबलची लिफ्ट २०५० पर्यंत बांधू असं सांगितलं. नासाच्या स्पर्धेत नॅनोट्यूबचे दोरही आले. त्या स्पर्धेचं बक्षीस कुणालाच मिळालं नाही. आज प्रत्यक्षात कातला जाणारा धागा त्याच तुटण्याच्या मापात २००-३०० किलोमीटरचा आहे. २०५०चं वचन मी तरी मनावर घेणार नाही.

बाजारानेही मधल्या काळात आपला कौल दिला. जर्मनीच्या बायर कंपनीने वर्षाला २०० टन नॅनोट्यूबची क्षमता उभी केली होती. २०१३ साली तिने हा सगळा उद्योग बंद केला. त्यानंतर नळ्यांना खरं गिऱ्हाईक मिळालं ते भलत्याच ठिकाणी: लिथियम-आयन बॅटरीत. बॅटरीतल्या धन टोकाची पूड वीज फारशी वाहत नाही, म्हणून तिच्यात कार्बनची भुकटी मिसळतात. भुकटीचे दाणे एकमेकांना टेकून साखळी व्हायला हवी, नाहीतर वीज मध्येच अडते. खोलीभर पसरलेले मोहरीचे दाणे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत टेकवायचे तर पोतं लागेल. तेच काम मूठभर शेवया करतात. नॅनोट्यूब म्हणजे त्या शेवया. कार्बन थोडा लागतो, उरलेल्या जागेत जास्त ऊर्जा साठते. सिलिकॉनच्या ऋण टोकात तर त्यांना आणखी एक काम आहे. लिथियम शिरला की सिलिकॉन तिप्पट-चौपट फुगतो आणि भेगाळतो. नळ्यांचं जाळं त्या तुकड्यांना विजेच्या संपर्कात ठेवतं. ज्यांना एकमेकींना धरता येत नाही त्यांनी दुसऱ्यांना धरून ठेवावं, हा दैवाचा खेळच म्हणायचा. चीन आणि कोरियातले कारखाने आज टनावारी नळ्या काढतात त्या प्रामुख्याने यासाठी.

दोराचं स्वप्न मात्र अगदीच वाया गेलेलं नाही. गुरू ग्रहाकडे २०११ साली निघालेल्या जुनो यानावर नॅनोट्यूबचं कापड आहे, पण ते ताकदीसाठी नव्हे, स्थिर वीज वाहून नेण्यासाठी. २०१७ साली नासाने नॅनोट्यूबच्या धाग्याने गुंडाळलेली उच्च दाबाची टाकी अग्निबाणातून उडवून पाहिली. त्यात धागा खरोखर भार पेलत होता. सुरुवात एवढ्यावरच आहे.

आणि एक गोष्ट, जी या क्षेत्रात हलक्या आवाजात बोलली जाते. लांब, ताठ, न विरघळणारा तंतू म्हटलं की वैद्यकाला अॅस्बेस्टॉस आठवतो. फुफ्फुसातली पेशी असा तंतू गिळायला जाते आणि तो तिच्यापेक्षा लांब निघतो. ती ना गिळू शकते ना सोडू शकते, आणि तिथे दाह सुरू राहतो. केन डोनाल्डसन यांच्या एडिंबरामधल्या गटाने २००८ साली उंदरांच्या पोटाच्या पोकळीत लांब बहुपदरी नळ्या टोचल्या, तेव्हा परिणाम अॅस्बेस्टॉससारखे दिसले. आखूड किंवा गुंतलेल्या नळ्यांत तसं झालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बहुपदरी नळ्यांच्या एका विशिष्ट प्रकाराला माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या यादीत टाकलं आहे. बाकीच्या प्रकारांबाबत पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं आहे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संस्थेने २०१३ साली कारखान्याच्या हवेसाठी सुचवलेली मर्यादा घनमीटरला एक मायक्रोग्रॅम. प्लास्टिकात किंवा बॅटरीत बंद झालेल्या नळीपासून ग्राहकाला धोका नाही म्हटलं तरी चालेल. पूड हाताळणाऱ्या कामगाराचं तसं नाही. दोरासाठी ज्या लांबीचा हव्यास आहे, तीच लांबी फुफ्फुसाला नको आहे. बॅटऱ्यांचे कारखाने आपल्याकडे उभे राहत असताना ही मर्यादा भिंतीवरच्या पाटीपुरती राहू नये, एवढं तरी कामगार संघटनांनी पाहायला हवं.

दरम्यान ग्राफीन, म्हणजे ग्रॅफाइटचा सुटा एकच पत्रा, आलं, त्याला २०१०चं नोबेल मिळालं, आणि एका पत्र्याची ताकद १३० गिगापास्कल मोजली गेली. त्याचीही कथा हीच आहे: पत्रा अफाट, पत्र्यांचा थर साधारण. पुढे आणखी कुठला तरी 'जगातला सर्वांत मजबूत' पदार्थ येईल, त्याची बातमी पहिल्या पानावर छापून येईल, आणि त्यात पोलादाच्या किती पट हा आकडा ठळक अक्षरात असेल. तेव्हा कापसाच्या व्यापाऱ्याचा प्रश्न तेवढा विचारून पाहा: नमुना किती लांब होता?